समुद्राकडे पाठ करून बसणारा मामा

समुद्रावर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो माझा मामा आहे. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. जवळच्या म्हसा गावची जत्रा उरकली, की घरच्या सगळ्यांना जीपमध्ये कोंबून तो दर वर्षी पालघरकडच्या एका सुरूच्या बागेत नेतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला लांबवर डोंगर आणि मधे सुरूची गार सावली. लोक लाटांचे फोटो काढतात. मामा एका खोडाला टेकतो, डोंगराकडे तोंड करतो आणि बोट दाखवून सांगतो, "तो बग, आपला डोंगर." आपला डोंगर तिथून तीन तासांवर आहे, हे मी एकदा मोबाइलवर नकाशा उघडून दाखवलं. मामाने नकाशा नीट पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "मग ह्यो त्याचा भाऊ असंल. नाक सारखंच हाये."

बरं, तिथे तरी स्वस्थ बसेल तर तो मामा कसला! त्या बागेत सुरूच्या वाळलेल्या पाल्याचा घोटाभर थर असतो. शहरातल्या माणसाला त्यावर लोळावंसं वाटतं, मामाचा मात्र जीव तुटतो. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी तेवढ्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात, आणि राबासाठी रानोमाळ पाला गोळा करण्यात मामाचा जन्म गेलेला. इथे तो नुसता पायाखाली पडलेला! पहिल्याच वर्षी त्याने जीपमधून पोती काढली. राखणदार धावत आला. "काका, इथलं काही न्यायचं नाही." "नको तर नको," मामा म्हणाला, "पन पाला असा पसरून ठेवत नायत रे!" आणि दुपारपर्यंत त्याने अर्धी बाग झाडून झाडांच्या बुंध्याशी नीटस ढीग लावून दिले. तेव्हापासून तो राखणदार दर वर्षी मामाची वाट बघतो.

या सगळ्यात मामीचं तेवढं राहून जायचं. तिला समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा होता. पण मामाची म्हैस मामाशिवाय कुणाला धार काढू देत नाही, त्यामुळे दुपारचे तीन वाजले की जीपचा हॉर्न वाजायचा. मामी उठायची, लुगड्याची वाळू झटकायची आणि "पुढल्या खेपेला बगू" म्हणायची. यंदा तिचे गुडघे इतके धरले होते, की पुढली खेप तिला जमेल की नाही, हे तिलाही सांगता येत नव्हतं. हॉर्न वाजला आणि मामी जागची हलली नाही. "तुमी जावा," ती म्हणाली, "मी आज मावळल्याबिगर नाय उठनार." मामाने डोंगराकडे पाहिलं, मामीच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि शेजारणीला फोन लावला.

धारेची वेळ झाली. तिकडे शेजारणीने फोन स्पीकरवर टाकून गोठ्याच्या खांबाला बांधला आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसली. इकडे बागेत रेंज टिकेना, म्हणून मामा रेंज शोधत शोधत थेट पोटरीभर पाण्यात गेला आणि तिथून मोठ्याने सुरू झाला, "उबी ऱ्हा गो माजे बाय... लाथ नाय मारायची... मी हितंच हाये, हितंच!" पाण्यात उभं असलेलं एक नवं जोडपं आदबीने बाजूला सरकलं. फोनमधून शेजारीण ओरडली, "भावजी, पान्हा सोडला! बोलत ऱ्हावा, थांबू नका!" मामाने मग म्हशीला यंदाची जत्रा सांगितली, भात कसं उतरलं ते सांगितलं, मामीच्या गुडघ्यांचंही सांगितलं. बोलता बोलता समोर सूर्य पाण्याला टेकला आणि मामाचं तोंड तसंच उघडं राहिलं. "भावजी, बोला हो!" शेजारीण कळवळली. मी वाळूत बसून पोट धरधरून हसत होतो.

धार पुरी होईस्तोवर सूर्य बुडाला होता. मामी डोळे पुसत बसली होती. मामा पाण्यातून आला, तिच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "रडतेस कशाला गो? सकाळी आपल्याच डोंगरामागून निघनार हाये तो."

मी त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिलो. सकाळी बाहेर आलो, तर दोघं अंगणात डोंगराकडे तोंड करून बसलेली. डोंगराची कड उजळली होती, सूर्य अजून वर यायचा होता.

"आज येळ लागला का हो त्याला?" मामीने विचारलं.

"लागनारच," मामा म्हणाला. "रातभर पान्यात होता. कापडं वाळवत असंल."

मामी लाजून हसली. या दोघांचं हे असंच चालू राहावं, असं त्या घडीला मला फार वाटलं. मला परतायला धरायची होती ती कल्याणची पहिली जीप रस्त्यावरून हॉर्न देत निघून गेली, तरी मी दारातच उभा होतो.