सुटलेला परत आला की

आमच्या प्रयोगशाळेत बांगड्याचा वास यायचा, कारण प्रयोगातली वाफ थंड करायला लागणारा बर्फ जाधव सर मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणायचे. रत्नागिरीच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ रुथेनियमच्या मागे असत. मी त्यांची संशोधन सहायक. हा धातू रेणूंच्या जोड्या फोडून त्यांचे जोडीदार बदलून देतो, फुगडीत मुली बदलतात तसे. सरांना त्याच्याकडून हे काम अधिक वेगानं करून घ्यायचं होतं.

त्यांची रीत मला कधीच धड कळली नाही. धातूला चिकटलेला एक भाग आधी सुटावा लागतो, तरच जागा होऊन काम सुरू होतं. म्हणून सर तो बंध मुद्दाम सैल करायचे. सैल केला की फ्लास्क फसफसून उठायचा आणि चहा होईपर्यंत गप्प, धातू मेलेला. घट्ट केला की टिकायचा, पण ढिम्म काही करायचा नाही. मी वैतागून विचारलं, तुम्हांला नेमकं हवंय तरी काय?

“होडी घट्ट बांधलीस तर दर्यात जायची कशी गो? नि सोडून दिलीस तर परत यायची कशी?”

हे उत्तर होतं की प्रश्न, देव जाणे.

त्यातच मला पुण्याला पीएच.डी.ची जागा मिळाली. सरांना हृदयाचा त्रास सुरू झालेला, हाताखाली दुसरं कुणी नाही. मी नकार कळवते म्हटल्यावर ते पहिल्यांदाच चिडले. “सुटणारा सुटला नाय तर काम व्हायचं कसं?” आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, मला कळेना. पुण्याच्या एसटीत मात्र मी भरपूर रडले.

पुढे त्यांचं दुखणं वाढल्याचं कळलं तशी मी आले. डॉक्टरांनी मनाई केलेली, तरी सर प्रयोगशाळेतच.

“कशाला आलीस? सुटलेला परत येऊन बसला की काम मंदावतं, शिकवलंय ना?”

मी ओशाळून मागे फिरणार, तर त्यांनी खुंटीवरचा माझा जुना एप्रन पुढे केला. धुऊन, इस्त्री केलेला.

त्या दुपारी फ्लास्क कधी नव्हे इतका वेळ फसफसत राहिला. का, ते दोघांनाही कळलं नाही. सर लहान मुलासारखे हसत होते. निघताना मी एप्रन परत खुंटीला लावला. ते ‘ने’ म्हणाले नाहीत, ‘ठेव’ही म्हणाले नाहीत.

महिन्याभरात सर गेले. ते मला जा म्हणत होते की ये, हे विचारायचं राहूनच गेलं.