मैत्रिणीसाठी उघडलेला सर्व्हर

एका मैत्रिणीच्या शब्दाखातर मी अख्ख्या कंपनीचा मेल सर्व्हर जगाला मोकळा करून दिला होता. हल्ली नातवंडांना पासवर्डवरून दटावताना मी हे सांगत नाही. आजीचा थोडा दरारा राहायला हवा ना!

फोनवर मेल यायच्या आधीची गोष्ट. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची पंप बनवणारी कंपनी होती आणि मेल सर्व्हर माझ्या ताब्यात. दोन कोर्स काय केले, मी स्वतःला त्या सर्व्हरची सासूच समजायचे. कुणाची मेल अडकली की आधी त्याला चार शब्द सुनवायचे, मग मेल सोडवायचे.

सेल्समधली माझी मैत्रीण मूळची मालवणची. संध्याकाळी आम्ही एकाच शेअर रिक्षाने बोरिवलीला परतायचो. तिच्या मुलीच्या लग्नात मी मावशी म्हणून मिरवले होते. त्या वर्षी तिची सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरून काम करायला साहेबांची सक्त मनाई. मग ही बाई कस्टमरकडे जाते सांगून दुपारीच सटकायची आणि घरी बसून कोटेशनं करायची. पण ती पाठवणार कशी? आमचा सर्व्हर फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरांच्या मेल बाहेर पोचवायचा. यालाच रिले म्हणतात. बाहेरच्याने मेल दिली तर तो सरळ नाही म्हणायचा.

"मला घरून पाठवता येईल असं कायतरी कर गो बाय माझी," ती म्हणाली.

"साहेबांना विचार."

"त्यांना कळलं तर माझी वाट लागेल. तू आहेस ना!"

त्या 'तू आहेस ना'वर मी विरघळले. खरी पद्धत मला ठाऊक होती. बाहेरून पाठवणाऱ्यांसाठी ५८७ नंबरचा वेगळा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दुसरं दार, उघडायचा आणि तिथे प्रत्येकाला नाव, पासवर्ड विचारायचा. पण ते मी कधी केलं नव्हतं, आणि हिला हवं होतं उद्याच. तिच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता रोज बदलायचा, त्यामुळे तिला एकटीला आत घेणंही जमेना. मग मी बंधनच काढून टाकलं. नेहमीच्या २५ नंबर पोर्टवर कुणीही, कुठूनही मेल आणून द्यावी आणि आमच्या सर्व्हरने ती मुकाट पोचवावी! दोनच दिवस, असं मी स्वतःला बजावलं. संध्याकाळी तिचा फोन आला, "गेली गं मेल! झकास!" मी भाजी चिरता चिरता फुलून गेले. बावळट!

सोमवारी पाहते तर सर्व्हरला धाप लागलेली. असे उघडे सर्व्हर हुडकत फिरणाऱ्या भामट्यांना आमचा सापडला होता. लॉटरीच्या आणि भलभलत्या औषधांच्या हजारो जाहिराती आमच्या सर्व्हरवरून जगभर चालल्या होत्या. मी धावत बंधन परत घातलं, पण तोवर आमचं नाव कचरा मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलं होतं. कस्टमरांचे सर्व्हर आमची एकही मेल घेईनात, कोटेशनं धडाधड परत येऊ लागली.

सर्व्हर माझा आणि परत आलेली कोटेशनं तिची, म्हणून साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "हे उघडायला कुणी सांगितलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती 'सर, माझ्यासाठी' म्हणेल आणि मग मी 'नाही सर, चूक माझीच' म्हणेन, असा सीन मी मनात बसवूनही ठेवला होता.

ती म्हणाली, "सर, मला यातलं काय कळतं? कस्टमरच्या शिव्या मी खाल्ल्या. ताईंनी निदान कुणाला विचारायला तरी हवं होतं."

ताई! इतक्या वर्षांत तिने मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. तिचं नाव घ्यायला माझं तोंडच उघडेना. तिच्या सासूकडे बघून गप्प राहिले, असं पुढे मी बरीच वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मी नुसती थिजले होते.

सर्व्हर बाहेरच्या एजन्सीकडे गेला. त्यांनी पहिल्याच दिवशी ५८७ चालू केला, आणि साहेबांनी मला डिस्पॅचमध्ये चलनं टाइप करायला बसवलं. त्या संध्याकाळी मी रिक्षाच्या रांगेत न थांबता चालू लागले. ती मागून धावत आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुला काढलं तर नाही ना? मला काढलंच असतं गं. आणि तू तेव्हाच नाही म्हणाली असतीस, तर मी काय तुझ्याशी बोलणं सोडलं असतं?"