एर्सिलियाच्या सुती पट्ट्या

एर्सिलिया तेर्सेरो या बाईला गावात कोणी नावाने ओळखत नाही. 'घड्याळवाली' म्हटलं की पुरे. बाईच्या मनगटाला स्वतःचं घड्याळ जन्मात कधी लागलं नाही, पण लोकांना त्याचं काय! निकाराग्वाच्या त्या तापलेल्या सपाटीवर ऊस सोडून दुसरं काही दिसत नाही, आणि उन्हात पाण्यावाचून राबून ऊस तोडणाऱ्या पुरुषांची मूत्रपिंडं चाळिशीच्या आत-बाहेर निकामी होतात. तिचा नवरा एकेचाळिसाव्या वर्षी गेला. तिथे भेटल्यावर कोणी कोणाची तब्येत विचारत नाही, रक्तातलं क्रिएटिनिन किती आलं ते विचारतं; मूत्रपिंड बिघडलं की ते वाढतं. आकडा वाढला की कारखाना माणसाला फडावरून काढून टाकतो. मग तो अंगणात टांगलेल्या झोळीत पडून राहतो आणि बायको कामाला जाते.

दोन हंगामांपूर्वी कारखान्यातल्या कोणाला तरी उशिरा का होईना, लाज वाटली. चाळीस तोडकऱ्यांच्या एका टोळीला त्यांनी घड्याळं दिली, शहरातले लोक पळायला जाताना बांधतात तसली. नाडी वाढली की घड्याळ थरथरायचं. ते थरथरलं की कोयता खाली ठेवायचा, ताडपत्रीच्या सावलीत दहा मिनिटं बसायचं आणि पाणी प्यायचं. पहाटे घड्याळं वाटणं, दुपारी गोळा करून पुसणं आणि चार्जिंगला लावणं हे काम एर्सिलियाकडे आलं. नवऱ्याच्या वेळी हे असतं तर, असं ती कधी बोलली नाही. पण त्या घड्याळांना ती जीव लावायची, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तिचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ त्याच टोळीत होता. आईमागे त्याला तिनेच वाढवलेला. वय अडतीस, क्रिएटिनिन अजून एकच्या आसपास, म्हणजे ठीक. गावात त्या वयाला असं म्हणता येणं म्हणजे मोठीच गोष्ट.

महिन्याभरात मनगटं सडायला लागली. तोडणीआधी जाळलेल्या उसाची काजळी, घाम आणि त्यावर दिवसभर घट्ट रबर. लाल चट्टे उठले, मग फोड आले. सोबतच्या कागदावर 'मनगट कोरडे ठेवावे' असं छापलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला एक दिवस फडात उभं करायला हवं होतं. एर्सिलियाने पट्टे साबणाने धुतले, तर साबण आत राहून आणखी चुरचुरलं. मग नुसत्या पाण्याने धुतले, हात बदलायला लावले, पट्टा एक भोक सैल करून पाहिला. फिदेन्सिओचं कातडं तरी सोलवटलंच.

"ताई, हे काही मी उद्यापासून बांधणार नाही," तो म्हणाला. "मूत्रपिंड जाईल तेव्हा जाईल, हात आत्ताच चाललाय."

"बांधणार कसा नाहीस? मी बांधीन, आणि वरून गाठ मारीन!"

त्या दुपारी तिने पेटीतून नवऱ्याचा जुना सुती सदरा काढला. त्याच्या पट्ट्या कापल्या, दुहेरी शिवल्या. आधी पट्टी, वर घड्याळ. आठवड्यात फिदेन्सिओचं मनगट सुकलं. मग साऱ्या टोळीनेच पट्ट्या मागितल्या, आणि तिने सगळ्यांना शिवून दिल्या. "डोन्या एर्सिलिया, तुम्ही डॉक्टरीणच व्हायला हवं होतं!" मुकादम 'डोन्या' असं मानाचं संबोधन लावून म्हणाला, आणि ती लाजली. नवरा गेल्यापासून कोणी तिचं असं कौतुक केलं नव्हतं.

तेव्हापासून घड्याळं सकाळी अकरालाच बंद पडायला लागली. तिने चार्जिंगच्या पिना व्हिनेगरने पुसल्या, तारा बदलल्या, पडद्याचा उजेड कमी केला. कारखान्याचा माणूस म्हणाला, बॅटऱ्या जुन्या झाल्यात, पुढच्या हंगामात बघू. जी घड्याळं चालू असायची ती थरथरायची नाहीत. तिला वाटलं, चला, माणसं आता बेताने तोडतायत.

फिदेन्सिओ मात्र खुशीत होता. "माझं घड्याळ हल्ली गप्प असतं, ताई! बसायलाच सांगत नाही." तो बसतच नव्हता. घड्याळाने सांगितलं तरच बसायचं, हे तिनेच त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

महिन्याच्या तपासणीत त्याचं क्रिएटिनिन तीनच्या वर आलं. दवाखान्यातूनच त्याचं कामाचं ओळखपत्र काढून घेतलं. घड्याळ त्याने पट्टीसकट ताईच्या हातात ठेवलं आणि तो घरी गेला.

त्याच दुपारी तिने ते चार्ज केलं आणि पट्टीवरून स्वतःच्या हाताला बांधलं. सुताच्या विणीतून घड्याळामागचा, नाडी मोजणारा हिरवा दिवा दिसत होता. तो विझेना. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन तिने अंगणात सतरा फेऱ्या मारल्या. छाती धडधडत होती, आणि घड्याळावर होतं चौऱ्याहत्तर. तिने पट्टी काढली, घड्याळ उघड्या कातडीवर दाबून बांधलं. एकशे एकेचाळीस. ते लगेच थरथरलं. कापडाआड कातडी शोधत तो दिवा रोज सकाळभर जळत होता, म्हणून बॅटरी संपत होती. आणि तिच्या भावाला कोणी थांबवत नव्हतं.

ती तशीच फिदेन्सिओकडे गेली. तो झोळीत पडला होता, पायांवर सूज होती.

"पट्टीमुळे झालं," ती म्हणाली. "माझ्या पट्टीमुळे. तिच्यामुळे घड्याळाला तुझी नाडी लागतच नव्हती. मीच तुला घालवला रे."

त्याने डावा हात पुढे केला. मनगटावर डाग म्हणून उरला नव्हता.

"हात तरी बरा केलास ना," तो म्हणाला.

त्याने हे मायेने म्हटलं की टोचून, ते तिला कळलं नाही. घरी येऊन तिने साऱ्या पट्ट्या मागवून घेतल्या आणि चुलीत घातल्या. सदऱ्याच्या कापडाचा वास घरभर झाला.

पुढच्या सोमवारी पुन्हा चट्टे उठले. पहाटे रांगेत एकजण कुरकुरला, "डोन्या एर्सिलिया, आग होतेय हो. जरा सैल करा ना, नाहीतर ती पट्टी तरी द्या."

एर्सिलियाने त्याचा हात ओढून घेतला. ओल्या फोडांवर घड्याळ ठेवलं आणि पट्टा होता त्याहून एक भोक आत ओढला. तो कळवळला.

"होऊ दे आग," ती म्हणाली, आणि तिने पुढच्याचा हात मागितला.