नाचणीच्या काढ्यासाठी घेतलेली आणि न घेतलेली भांडी

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. ठिकाण: महाड, आमच्या घराची मागची पडवी. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि कुडपणहून आलेली भावजयीची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. गैरहजर: माझा नवरा. तो कामावर गेला होता, पण 'हे उद्योग कशाला' हे त्याचं मत सगळ्यांना ठाऊक होतं.

वहीत ही नोंद अशीच आहे. कोणत्याही कामाला चारपेक्षा जास्त वस्तू लागणार असल्या की मी वही काढते. या कामाला भावाच्या यादीप्रमाणे एकोणीस लागणार होत्या.

भावाने तेवीस वर्षं मुंबईत हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली. शेवटचं हॉटेल बंद पडलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो घरी आला. पुण्यात बिअर तयार करणारा एक छोटा परवानाधारक त्याच्या ओळखीचा होता. त्याला नाचणीची बिअर करायची होती. त्याने भावाला सांगितलं, "नाचणीचा गोड काढा घेऊन ये. बाजारातला अर्क नको, दाण्यापासून सगळं तू केलेलं हवं. जमलं तर कामावर ये, बायकोलाही घेऊन ये, वर खोली आहे." महिनाअखेरची मुदत होती. जमलं नाही तर पुन्हा मुंबई, पुन्हा दहा जणांची खोली आणि भावजय इकडे एकटी. तेवीस वर्षं दोघांनी तसाच संसार केला होता. भावजयीने सकाळपासून पडवी दोनदा झाडली.

काम ऐकायला सोपं होतं. धान्याला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर ठेवायचे. दाण्यातल्या पिठाची आपोआप साखर होते. मग गाळायचं, उकळायचं, गार करायचं. आम्ही तिथेच थांबणार होतो. यीस्ट घालून आंबवणं पुण्यात, परवान्याच्या जागेत व्हायचं होतं. हे मी वहीत पहिल्या ओळीत लिहून घेतलं होतं, तरी मावशीने चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलंच.

"जावईबापू, हातभट्टी लावताय का काय?"

"नाय हो, नुसता काढा हाय."

"मंग पोलिसांना पन येक कप द्या."

भावाची यादी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आली होती. तोटीचं स्टीलचं पिंप, पंप, तांब्याची वेटोळी नळी, जाड भिंतींची पेटी. मी एकेका ओळीपुढे तीनच प्रश्न लिहिले: घरात आहे का? शेजारी आहे का? नसलं तर चालेल का? बाजारात निघेपर्यंत एकोणिसाच्या सात वस्तू झाल्या होत्या.

टोप घरातच होता, सत्यनारायणाच्या शिऱ्याचा, वीस लिटरचा, जाड बुडाचा. काढा तासभर गरम राहावा म्हणून पेटी हवी होती. दासगावच्या एका मासळीवाल्याकडे बर्फाची जुनी पेटी स्वस्तात मिळत होती आणि भाऊ तिच्यावर भाळला होता. "ताई, असली पेटी ऑनलाइन बघ केवढ्याला आहे!" मी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. बांगड्याचा वास इतक्या वर्षांत पेटीच्या भिंतींत मुरला होता. घरी येऊन टोपात गरम पाणी भरलं आणि त्याला दोन वाकळा, जुन्या गोधड्या, गुंडाळून दोरीने बांधलं. तासाभराने पाहिलं तर पाणी दोनच अंशांनी उतरलं होतं. पेटीची ओळ खोडली.

कारखान्यांतून येणारी निळी पिंपं आमच्याकडे भंगारवाल्याच्या दारात रचलेली असतात. निम्म्या तालुक्याचं पाणी त्यांत साठतं. ती मी हातही न लावता नाकारली. आधी त्यांत काय होतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तांब्याच्या नळीऐवजी धुण्याचा मोठा टब आणि विहिरीचं पाणी पुरे होतं, टोप त्यात ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं. गाळायला चाळण चालणार नव्हती, कारण नाचणी भोकांतून निसटते. श्रीखंडाचा चक्का बांधायचा पंचा घेतला. मेडिकलमधून आयोडीनची छोटी बाटली आणली. एका वस्तूवर मात्र काटकसर करू दिली नाही, ती म्हणजे थर्मामीटर. तो नवा घेतला.

मावशी येताना मोडाच्या नाचणीचं पीठ घेऊन आली होती. असं पीठ मी आजवर पाहिलं नव्हतं. वस्त्रगाळ, फिकट तांबूस आणि डबा उघडल्याबरोबर पडवीभर खमंग वास. भावाने ते सदुसष्ट अंशांच्या पाण्यात कालवलं, वाकळा बांधल्या आणि आम्ही चौघं टोपाभोवती बसून राहिलो.

तासाने बशीत काढ्याचे दोन थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. साखर झाली असेल तर रंग तांबूस राहतो. थेंब शाईसारखा काळानिळा झाला. आणखी एक तास ठेवलं. पुन्हा काळानिळा. गाळायला घेतलं तर पंच्यात नुसती खळ साचली, खाली थेंब पडेना.

भावजय उठून आत गेली. भाऊ पाठमोरा होऊन पंचा पिळू लागला.

मी वही घेतली. थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून पाहिला, बरोबर होता. पाणी पिण्याचं होतं. भांडं स्वच्छ होतं. उरली नाचणी. मी मावशीला म्हटलं, "पहिल्यापासून सांग. काहीच सोडू नकोस."

"भिजत घातली. फडक्यात बांधून मोड काढलं. सुकवली. भाजली. दळली."

भाऊ वळला. "भाजली?"

"खमंग भाजली. भाजल्याबिगर सत्त्व करतात काय?"

भावाने कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदाच हसला. पिठाची साखर करणारं जे काही मोडात तयार होतं, ते तव्यावर मरून गेलं होतं. शिवाय भरड हवी होती तिथे वस्त्रगाळ पीठ आलं होतं. बाळंतिणीला, बाळाला द्यायचं सत्त्व जसं करायचं तसंच मावशीने मन लावून केलं होतं. चूक आमची होती. दासगावपर्यंत जाऊन पेट्यांचे वास घेतले, पण नाचणी कशी हवी ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आधी सांगायचं होतंत," मावशी एवढंच म्हणाली. मग खळ झालेल्या पंच्याला बोट लावून बघितलं. "आनि ह्याच्या बुडाला तूस घाला. पाण्याला वाट कुठं हाय?"

नाचणीला भातासारखं टरफल नसतं, म्हणून ती घट्ट बसते. मोठ्या कारखान्यांतही तूस मिसळतात हे भावाने व्हिडिओत दोनदा ऐकलं होतं आणि विसरला होता. मावशीने कुठलाही व्हिडिओ पाहिला नव्हता.

सोमवारी पहिल्या एसटीने ती कुडपणला परत गेली. गुडघे दुखत असताना नवी नाचणी भिजवली, मोड काढले, नुसत्या उन्हात सुकवली आणि जात्यावर भरडली. नवव्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर. मुदतीला पाच दिवस उरले होते. मी भाताच्या गिरणीतून तूस आणून धुऊन ठेवलं होतं.

या वेळी थेंब तांबूसच राहिला. भावजयीने बशी उचलून खिडकीशी नेली, उजेडात पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. तुसातून काढा बारीक धारेने, स्वच्छ उतरत होता. चव उसाच्या रसासारखी आणि मागून नाचणीच्या भाकरीचा वास.

मावशीने वाटीभर पिऊन विचारलं, "साखर किती घातली?"

"काहीच नाय, मावशी."

"खोटं नका बोलू जावईबापू. सासू हाय मी."

उकळून, गार करून, दोन थर्मासांत भरून भाऊ तो पुण्याला घेऊन गेला. त्या परवानाधारकाने दोनदा मागून घेतला. भाऊ कामाला लागला. भावजय पंधरा दिवसांनी गेली. माझ्याकडून तिने फक्त तो पंचा मागून नेला. पण काम सहा महिन्यांच्या बोलीवर आहे. तेवढ्या मुदतीत मावशीची रीत मापांसकट लिहून द्यायची, म्हणजे दर वेळी तीच चव येईल, नाहीतर हा बेत बंद. लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

फोनवर विचारलं, नाचणी किती तास भिजवायची?

"भिजंपर्यंत."

मोड किती दिवस?

"थंडी बघून."

किती लांब झाले की पुरे?

"गो, फोनवर कसा दाखवू? तू ये नि बघ."

ते खरं आहे. घड्याळ, फूटपट्टी आणि थर्मामीटर घेऊन आठ दिवस तिच्याशेजारी बसल्याशिवाय ती रीत कागदावर येणार नाही. रजेचा अर्ज मी दोनदा लिहिला, दोनदा कामावर काहीतरी निघालं. सहातले चार महिने गेले. वहीत पान आखून ठेवलं आहे. भिजवणे, मोड, वाळवणे, भरड असे चार रकाने आहेत. चारही कोरे आहेत.