सगळ्यांच्या मागे सुभेदार

सुभेदारांना माणसाचा चेहरा बघावा लागत नसे. पाठमोरा माणूस आणि त्याचा श्वास, एवढ्यावर त्यांचं भागे. आपण सायकलवरून पुढे चाललेलो असायचो, मागे वळून पाहिलेलंही नसायचं, आणि अचानक पाठीमागून खर्जातला आवाज यायचा, "बाबूसाहेब, तोंड बंद. नाकाने घ्या. फेफडे तुमचे आहेत, किरायाचे नाहीत." चढावर कोण कुठे उतरणार, कुणाच्या पोटात सकाळची कचोरी ढवळते आहे, कोण बायकोशी भांडून निघाला आहे, हे सगळं ते श्वासावरून सांगत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. असा माणूस पाठीशी असला की मोठा धीर वाटे. त्या धीराच्या भरात एक साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती. ते कायम सगळ्यांच्या मागे असत. त्यामुळे त्यांचा स्वतःचा श्वास कधी कुणी ऐकलेलाच नव्हता.

होळकरांच्या फौजेत ते सुभेदार होते, आणि त्यांचे वडील-आजोबाही त्याच फौजेत होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, फौजेची वाटणी झाली आणि सुभेदार पेन्शन घेऊन इंदूरला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. बसले म्हणजे दोन-चार महिनेच. पहाटे उठून, मिशांना पीळ देऊन, बूट चमकवून जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मग त्यांनी आसपासची सुटलेली पोटं गोळा केली. दर वर्षी दसरा झाला की ही पोटं सायकलींवर घालून ते महेश्वरला नेत. वाटेत मुक्काम, नर्मदेत अंघोळ, सपाट रस्त्यावर कवायत, आणि परत. या प्रकाराला ते मोहीम म्हणत. बायका त्याला वेड म्हणत, पण डबे मात्र भरून देत.

मी या मोहिमेत ओढला गेलो तो पोह्यांच्या दुकानासमोर. मी त्या वेळी सरकारी कचेरीत कारकून होतो. राजधानी सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला, त्यामुळे आम्हा कारकुनांचं निम्मं आयुष्य फायली गाडीत चढवण्यात आणि निम्मं त्या उतरवण्यात जाई. एवढी चढउतर करूनही माझं पोट जिथल्या तिथे होतं, उलट वाढतच होतं. कचेरीचा जिना चढून गेलो की साहेबांसमोर मला आधी धापा टाकायला लागत आणि मग काम सांगता येई. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं की वजन उतरवा, नाहीतर पुढचं मी सांगत नाही. ते ऐकून मी घाबरलो होतो आणि घाबरल्यामुळे भूक जास्तच लागत होती. पोह्यांवर जिलबी ठेवून मी उभा असताना मागून आवाज आला, "हा श्वास खाणाऱ्याचा नाही, पळणाऱ्याचा आहे. भिया, कुणापासून पळताय?" इंदुरात कुणीही कुणाचा भिया, म्हणजे भाऊ, असतो. मी वळून पाहिलं. मी उत्तर द्यायच्या आत माझं नाव मोहिमेत पडलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा सराव सुरू झाला.

सुभेदारांचे नियम मोजके होते आणि ते फौजेतून आले असल्यामुळे त्यांवर चर्चा नव्हती. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, मागचं बघायला सुभेदार आहेत. जो ज्या मुक्कामाला पोचला तो तिथेच थांबेल, शोधायला उलटा येणार नाही. वळणावर ते एकदा घंटी वाजवतील, ती ऐकू आली की समजायचं सगळं ठीक. सर्वांत पुढे दिघे मास्तर असत. ते शाळेत गणित शिकवत आणि नियम पाळण्यात त्यांना देवपूजेचं समाधान मिळे. मधे कापडाचे दुकानदार पन्नालालजी आणि आणखी चार-पाच जण. शेवटी मी, कारण माझ्यापेक्षा हळू कुणालाच जाता येत नव्हतं. आणि माझ्या मागे सुभेदार.

त्या वर्षी पहाटे छत्र्यांपाशी आम्ही जमलो तेव्हा नदीवर धुकं होतं. सुभेदारांनी प्रत्येकाची साखळी, चाकं, ब्रेक तपासले. माझ्या सायकलपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी म्हटलं, "साहेब, काही बिघडलंय का?" ते सावकाश उठले, माझ्या सीटवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "सायकल बराबर आहे." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हवेत गारवा होता. मला ते खटकलं, पण त्या वेळी मला माझ्याच पोटाची काळजी पुरून उरली होती.

महूला चहासाठी थांबलो तेव्हा ते खटकलेलं पुन्हा वर आलं. छावणीच्या रस्त्यावर त्यांच्या पलटणीतला एक जुना सोबती चहाचं दुकान चालवत असे. मी भट्टीच्या आडोशाला टायरमध्ये हवा भरत होतो. तो सुभेदारांना दबल्या आवाजात म्हणाला, "इस बार भी निकल पड़े? डाक्टर ने क्या बोला था, भूल गए? दिल का मामला है, सुभेदारजी." सुभेदार हसले. "डाक्टर खुद तांगे में घूमता है. उसको क्या मालूम." आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

ते सायकल हातात धरून माझ्याजवळ आले. बाकीचे पुढे निघाले होते. "बाबूसाहेब, जे ऐकलं ते पोटात ठेवा. तुमच्याकडे जागा भरपूर आहे." मी म्हटलं, "साहेब, आपण परत फिरू या. मी सांगतो सगळ्यांना की माझीच तब्येत बिघडली." त्यांनी पुढे गेलेल्यांकडे बोट केलं. "हे लोक परत फिरले की घरी जातील. कुणाची कचेरी आहे, कुणाची शाळा, कुणाची दुकान. मी कुठे जाऊ?" मी त्यांना वचन दिलं आणि त्या क्षणापासून माझ्या पाठीला डोळे फुटले.

महूच्या पुढे रस्ता वर-खाली होत जातो. डाव्या-उजव्या अंगाला टेकड्या सुरू होतात, पळस आणि साग दाट होत जातात आणि वस्ती विरळ होते. एरवी हा भाग मला आवडला असता. त्या दिवशी मात्र माझं झाडांकडे लक्षच नव्हतं. मागे वळायचं नाही, म्हणून मी नुसते कान लावून चाललो होतो. मागून टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज येई आणि वळण आलं की घंटी. घंटी वेळेवर आली की मी पुढचं पायडल मारी. कधी ती जराशी उशिरा येई, आणि तेवढ्या वेळात मला डॉक्टरांची नळी, साहेबांचा जिना सगळं विसरायला होई.

मग मला एक युक्ती सुचली. लठ्ठपणाचा आयुष्यात पहिल्यांदाच काही उपयोग होणार होता. मी दमायचं सोंग घ्यायला लागलो. चढ लागला की उतरे, झाडाखाली बसे, पाणी मागे, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधे. मी थांबलो की सुभेदारांना थांबावंच लागे, आणि माझ्या निमित्ताने त्यांना विसावा मिळे. पन्नालालजी पुढून ओरडत, "भिया, म्हारे से भी ज्यादा थको हो तम तो." मी मोठ्याने कण्हून दाखवी. दोन-तीन चढ हे चांगलं चाललं. चौथ्या चढावर मी छातीवर हात ठेवून धापा टाकत बसलो असताना सुभेदार माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा रंग राखेसारखा झाला होता, पण आवाज परेडचाच होता.

"तुमचा श्वास खोटा आहे, बाबूसाहेब."

मी छातीवरचा हात काढला.

"दमलेल्या माणसाचा श्वास वरच्या वर राहतो. तुमचा पोटापर्यंत जाऊन येतोय. तुम्ही सुधारलात, समजलं का? महिनाभर पहाटे उठवलं तुम्हाला, ते काय बसण्यासाठी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्यावर दया नका करू. चला वर." मी उठलो. माझा इतका राग त्यांना आला होता की त्यांच्या मिशा थरथरत होत्या, आणि मला त्यांची इतकी माया आली होती की डोळ्यांपुढचा रस्ता धुरकट झाला.

मुक्काम मानपूरला झाला. तिथून पुढे विंध्याचा घाट उतरतो आणि खाली निमाड सुरू होतो. या घाटासाठी सुभेदारांची एक रीत होती. सायकलचे ब्रेक एवढ्या उतारावर तापून निकामी होतात, म्हणून प्रत्येकाने पळसाची पानांसकट जाड फांदी तोडायची आणि मागे दोरीने बांधून रस्त्यावर फरफटत न्यायची. फांदी धरून ठेवते, सायकल सुटत नाही. घाट उतरून सपाटीला लागलं की दोरी सोडून फांद्या एका चिंचेखाली ढिगाला टाकायच्या. ढीग पाहिला की कोण आलं, कोण राहिलं ते कळे. सकाळी सुभेदारांनी प्रत्येकाची गाठ स्वतः ओढून पाहिली. स्वतःच्या फांदीला गाठ मारताना त्यांचा डावा हात नीट चालत नव्हता. मी पुढे झालो तर म्हणाले, "जुनी मार आहे. सर्दीत दुखते." मग माझ्याकडे न बघता गाठ माझ्याकडून मारून घेतली. तेवढ्यावरून मला समजायला हवं होतं ते समजलं, आणि करता मात्र काही येत नव्हतं.

आम्ही उतरायला लागलो. फांद्यांचा खरखराट दरीत घुमत होता, धुळीचा लोट उठत होता, त्या लोटातून मी पुढे जात होतो. पहिल्या वळणावर मागून घंटी आली. दुसऱ्या वळणावरही आली. मधल्या एका वळणावर ती इतकी उशिरा आली की मी ब्रेक दाबले होते, आणि तेवढ्यात ती वाजली, एकदाच, बारीक. शेवटच्या दोन वळणांवर मला फांद्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही.

चिंचेखाली ढीग जमला. दिघे मास्तरांनी फांद्या मोजल्या आणि म्हणाले, "साहेब येतीलच." आम्ही बसलो. घाटातून एक बैलगाडी उतरली, मग एक मोटार उतरली. सुभेदार उतरले नाहीत. मी उभा राहिलो तसे मास्तर म्हणाले, "उलटं जायचं नाही, त्यांचाच नियम आहे." मग मी वचन मोडलं आणि महूचं सगळं सांगून टाकलं. मास्तरांचा चेहरा उतरला. पन्नालालजी उठून म्हणाले, "नियम गया तेल लेने. भिया, तम चलो, मैं गाड़ी रोकूं हूं."

मी सायकलवर टांग टाकली आणि घाट चढायला लागलो. उतरावं असं एकदाही मनात आलं नाही. पायांत पेटके येत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि तोंड बंद ठेवून मी नाकाने श्वास घेत होतो, कारण मागे कुणी नसलं तरी ते ऐकत असतील असं वाटत होतं. खालून दुसऱ्या वळणावर ते दिसले. कठड्याच्या दगडाला पाठ लावून बसले होते. सायकल स्टँडवर नीट उभी केलेली होती आणि फांदी सोडून रस्त्याच्या कडेला ठेवली होती, कुणाच्या चाकाखाली येऊ नये म्हणून. डोळे मिटलेले होते.

"कुठे उतरलात?" त्यांनी विचारलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"कुठेच नाही, साहेब."

"माहीत आहे," ते म्हणाले. "ऐकत होतो."

खालून पन्नालालजींनी एक ट्रक थांबवून वर आणला. निमाडचा कापूस भरून तो इंदूरच्या गिरण्यांकडे निघाला होता. आम्ही त्यांना कापसावर निजवलं आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ट्रक घाट चढू लागला. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकला. तो वरच्या वर होता, तुटक होता, दमलेल्या माणसाचा होता. त्यांनीच मला ऐकायला शिकवलं होतं आणि आता त्याचा एवढाच उपयोग होता की काय होणार आहे ते मला सर्वांच्या आधी कळलं. मानपूर मागे पडलं. महूच्या अलीकडे, जिथे टेकड्या संपतात, तिथे तो श्वास थांबला. मी तसाच कान लावून बसून राहिलो.

पुढच्या दसऱ्याला मोहीम निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण छत्र्यांपाशी पहाटे एकेक जण येतच गेला. मागे कोण राहणार हे कुणाला ठरवावं लागलं नाही. सगळे पुढे निघाले आणि मी मागे राहिलो. मागून सगळ्यांच्या पाठी दिसतात, सगळ्यांचे श्वास ऐकू येतात, आणि माणूस इतका एकटा असतो की ते त्यांनी एवढी वर्षं कसं काढलं याचंच नवल वाटतं. दिघे मास्तरांनी त्या वर्षी मोहिमेचा एकच नवा नियम केला. शेवटच्या माणसाने गात यायचं.

मला गाता येत नाही. घाटात माझा आवाज ऐकून पन्नालालजी दर वर्षी कानांवर हात ठेवतात आणि म्हणतात, "भिया, हाथ जोड़ूं, अब तो चुप हो जाओ." आणि दम लागून मी कधी खरोखरच गप्प झालो, की सगळ्यांत आधी सायकल थांबते ती त्यांचीच.