पडेल अण्णांचा पेला

अण्णांनी ज्याला मत दिलं तो उमेदवार पडे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हा श्रद्धेचा नव्हे, अनुभवाचा विषय होता. लोकसभेला आपलं मत कुणाला जाणार हे अण्णा लपवत नसत, आणि ज्याला ते जाणार असे त्याची माणसं अस्वस्थ होत. एका निवडणुकीत असाच एक कार्यकर्ता दुकानात आला, चहा प्याला आणि उठताना चाचरत म्हणाला, "अण्णा, मतदानाच्या दिवशी तुम्ही मिरजेला पाहुण्यांकडे जाऊन या की. गाडीची सोय करतो."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाडी कशाला? समोरच्याला मत देतो म्हटलं तर तू मला खांद्यावरनं बूथवर नेशील."

मत त्यांनी द्यायचं त्यालाच दिलं. उमेदवार पडला. बाजारातले मराठी लोक त्यांना पडेल अण्णा म्हणत, तोंडावर म्हणत, आणि अण्णा ओ देत. कधी दिल्लीत त्यांच्या पसंतीचं सरकार आलं तरी इथला त्यांचा माणूस पडलेलाच असे. त्यामुळे आनंद करायचा की नाही हे ठरेपर्यंत पुढची निवडणूक येई.

अण्णांचे आजोबा मिरजेकडून तांब्यापितळेची भांडी घेऊन आले आणि इथेच राहिले. अण्णांच्या काळात तांबं-पितळ वरच्या फळीवर गेलं, खाली स्टील आलं. गल्ल्याशेजारी नाव घालायचं मशीन होतं: पेनासारखं हातात धरायचं, वायर जोडलेलं, टर्र आवाज करणारं. लग्नातला आहेर, वास्तुशांतीचा डबा, देवळाला द्यायची परात, ज्यावर जे नाव हवं ते अण्णा फुकट घालून देत, मराठीत किंवा कन्नडमध्ये. कन्नड ते सफाईने बोलत, पण लिहिताना जोडाक्षराचं खालचं अक्षर त्यांच्या हातून हमखास सुटे. कितीतरी मल्लप्पा त्यांच्या परातींवर मलपा झाले. तक्रार घेऊन कुणी आलं की अण्णा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत. पाटीवर दोन्ही भाषांत एकच वाक्य होतं: नाव घातलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही.

हाच नियम ते मतालाही लावत. "एकदा नाव घातलं की घातलं. गळायला लागलं तर डाग देऊन वापरायचं. दर पाच वर्षांनी नवं नाव कोरत बसलं तर भांड्याला भोक पडेल." विरोधी बाजूला मत देऊन काय मिळतं, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर धंद्यातलंच असे. "तराजूला दुसरं पारडं नसलं तर त्याला तराजू म्हणत नाहीत, ताट म्हणतात. आणि ताटात कोण जेवतं ते सगळ्यांना माहीत आहे."

मी तेव्हा बेळगावहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाला हुबळी-धारवाडच्या बातम्या पाठवत असे. निकालाच्या दिवशी नागरिकांच्या प्रतिक्रिया लागत: एक जिंकलेला नागरिक, एक हरलेला. जिंकलेले मुबलक मिळत. हरलेला नागरिक त्या दिवशी सापडत नाही. तो गावाला गेलेला असतो, नाहीतर जिंकलेल्यांत उभा असतो. अण्णा मात्र गल्ल्यावर हजर असत. त्यांची प्रतिक्रिया एका शब्दाची होती. "गेलो."

या शब्दाला समोरच्या दुकानातून एक अर्थ जोडला गेला होता. समोर शिवप्पांचं कापडाचं दुकान होतं. शिवप्पा आणि अण्णा यांची मैत्री दोघांच्या दुकानांना काचेची दारं येण्यापूर्वीची. शिवप्पांना मराठी कळायचं, पण ते बोलत कन्नडच. त्यांची वाक्यं इथे मराठीत दिली आहेत ती वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. एका निकालाच्या दिवशी अण्णा फोनवर कुणाला तरी "गेलो, गेलो" म्हणत होते. ते ऐकून शिवप्पा रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "हरलास तरी हुरूप आहे तुझा. जिंक, जिंक काय ओरडतोस?" कन्नडमध्ये 'गेल्लो' म्हणजे 'जिंक की रे'. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी शेल्फवरचे स्टीलचे दोन पेले काढले, एकावर देवनागरीत 'गेलो' असं कोरलं आणि नियम केला: दिल्लीची निवडणूक ज्याची बाजू हरेल त्याने पुढच्या निवडणुकीपर्यंत 'गेलो'तून चहा प्यायचा. दुसरा पेला कोरा. विधानसभा त्यांनी नियमात धरली नाही. "बेंगळुरूचं सरकार म्हणजे पाहुणा," अण्णा म्हणत. "त्याच्यासाठी भांड्यावर नाव घालत नाहीत."

सकाळी समोरच्या हॉटेलातून बाय-टू येई. एक चहा, दोन भाग. अण्णांचा भाग 'गेलो'त, शिवप्पांचा कोऱ्या पेल्यात. मग गिऱ्हाईक येईपर्यंत भांडण. शिवप्पा सरकारच्या बाजूने, अण्णा विरुद्ध. लागोपाठ दोन निवडणुका पेला अण्णांकडेच राहिला. त्याची अक्षरं घासून घासून पुसट झाल्यावर अण्णांनीच ती पुन्हा गिरवली.

त्यानंतरच्या निवडणुकीला शिवप्पांनी मोजणीच्या आदल्या दिवशीच धारवाडहून पेढे आणून ठेवले. ओळीतल्या प्रत्येक दुकानाला एक बॉक्स, असा ढीग त्यांच्या गल्ल्यावर रचलेला होता. साड्या दाखवायच्या गादीसमोर टीव्ही लावला होता. दुपारपर्यंत आकडे स्थिर झाले. शिवप्पांचा पक्ष सगळ्यांत पुढे होता, पण अपेक्षेपेक्षा बराच मागे. सरकार त्यांचंच होणार होतं, मात्र मित्रपक्षांना बरोबर घेऊन. विरोधी बाकांवर गर्दी वाढली होती. आमच्या मतदारसंघात शिवप्पांचा माणूस निवडून आला होता. अण्णांचा पडला होता.

अण्णा रस्ता ओलांडून शिवप्पांच्या दारात उभे राहिले. गादीवर एक अक्का साडी निवडत बसल्या होत्या. मी वही उघडून बाजूला होतो.

"काय शिवप्पा, पेढे?"

"मोजणी संपू दे."

"तुझा खासदार आला?"

"आला."

"सरकार तुझंच?"

"माझंच. थोडी मदत घेऊन."

"मग पेढे?"

शिवप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तुझा माणूस पडला ना?"

"पडला. नेहमीसारखा, व्यवस्थित पडला."

"तुझं सरकार आलं?"

"नाही."

"मग हसतोस कशाला?"

"मलाही तेच कळेना झालंय," अण्णा म्हणाले.

अक्कांनी हातातली साडी खाली ठेवली. "जिंकलेत ते गप्प, हरलेत ते हसताहेत. ही निवडणूक होती की वरातीत चपला बदलल्या? आणि अण्णा, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

अण्णा बाजूला झाले, पण गेले नाहीत. "नियमाप्रमाणे बघू. 'गेलो' कुणाचा?"

"तुझा. सरकार माझं."

"कबूल. मग जिंकलेल्याने पेढे वाटायचे."

शिवप्पांनी ढिगाकडे पाहिलं. "ईग ब्याड," म्हणाले. आत्ता नको. आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मी अण्णांच्या मागोमाग त्यांच्या दुकानात आलो आणि प्रतिक्रिया विचारली. त्यांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. "'गेलो' म्हणावं तर खोटं. 'आलो' म्हणावं तर कुठं आलोय?" थोडा वेळ ते मशीनची वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "लिही, दुसरं पारडं सापडलं." संध्याकाळी बेळगावहून फोन आला: प्रतिक्रियेत चोरीची बातमी मिसळली आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय-टू आला आणि शिवप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. समोर दुकान उघडं होतं, गादीवर गिऱ्हाईक होतं, पेढ्यांचा ढीग होता तसा होता. शिवप्पा अण्णांच्या दिशेला पाठ करून बसायला शिकले होते. कोऱ्या पेल्यातला अर्धा चहा निवून त्यावर साय धरे.

इकडे अण्णांच्या दुकानात रीघ लागली. इतकी वर्षं ज्यांनी त्यांना पडेल म्हटलं ते एकेक जण येऊन, रस्त्याकडे बघून, आवाज उतरवून सांगत, "अण्णा, आतून आम्ही तुमच्याच बाजूचे." पहिल्या दिवशी अण्णांना मजा वाटली. नंतर ते वैतागले. "एवढे सगळे आतून माझे," ते एकाला म्हणाले, "तर माझा माणूस बाहेरनं कुणी पाडला?"

एका सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर कोरा पेला सरकवला आणि लगेच परत ओढून घेतला. "तुला दुसरा मागवतो. हा त्याचा आहे." मग समोर बघत म्हणाले, "हरायची सवय लागते. मला कितीतरी वर्षं गेली. याला एकदम परीक्षेला बसवलं, आणि तेही जिंकून. कसा लिहील पेपर?"

"तुम्हीच जा की," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगू? तू हरलास म्हटलं तर चिडेल. तू जिंकलास म्हटलं तर पेढे वाटावे लागतील." पेला त्यांनी पंचाने कोरडा केला. "सरकार गेलं तर पाच वर्षांनी परत येतं. हा गेला तर मी बाय-टू कुणाबरोबर मागू? ती एकट्याने मागायची वस्तू नाही."

मग त्यांनी मशीन लावलं. टर्र आवाज सुरू झाला आणि कोऱ्या पेल्यावर कन्नड अक्षरं उमटायला लागली. ती फुंकून, पंचाने पुसून अण्णा उठले, दोन्ही पेले घेतले, हॉटेलवाल्याला हाताने बाय-टूची खूण केली आणि रस्ता ओलांडला.

शिवप्पांच्या गल्ल्यावर त्यांनी नवा पेला ठेवला. "तुझ्यासाठी. कन्नडमध्ये आहे. कन्नड वाचलंस तर जिंक. मराठी वाचलंस तर गेलो. तुझं तू ठरव."

शिवप्पांनी पेला उचलून उजेडात धरला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खालचा 'ल' कुठाय?"

"कुठला?"

"'गेल्लो'ला दोन 'ल' लागतात. एक वर, एक खाली. तू एकच घातलास. हे 'गेलो' झालं."

अण्णांनी पेला हातात घेऊन पाहिला. त्यांच्या हातून अक्षर नेहमीसारखंच सुटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. पण ते व्यापारी होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तू अर्धाच जिंकलास. अर्ध्याला एकच 'ल'."

"बदलून दे."

"पाटी वाच."

पाटी रस्त्यापलीकडे होती आणि तिथून वाचता येण्यासारखी नव्हती, पण शिवप्पांनी मान वळवून तिकडे पाहिलं. निकालाच्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच तिकडे पाहत होते. मग त्यांनी ढिगातला वरचा बॉक्स ओढला आणि दोरा तोडला. पेढे कडक झाले होते. अण्णांनी एक तोंडात टाकला, इकडून तिकडे फिरवला आणि तेवढ्यात आलेल्या चहाचा घाईघाईने घोट घेतला.

"सरकारसारखेच आहेत," ते म्हणाले. "मदत घेतल्याशिवाय उतरत नाहीत."

शिवप्पांना ठसका लागला. तो हसण्याचा होता की पेढ्याचा, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. उरलेले बॉक्स त्यांनी त्याच सकाळी ओळीत वाटले. कशाबद्दल, असं प्रत्येक दुकानदाराने विचारलं, आणि शिवप्पांनी प्रत्येकाला अण्णांकडे पाठवलं.

त्यानंतर बाय-टू नियमित येत राहिला. दोन्ही पेल्यांवर 'गेलो' आल्यामुळे हरलेला कोण हा वाद रोज नव्याने काढता येई, आणि तो रोज काढला जाई.

पुढे एका सकाळी शिवप्पांचा फोन आला. अण्णा नवनगरातल्या घरून दुकानाकडे यायला, बससाठी निघायच्या तयारीत होते, चप्पल घालायला बसले, ते उठले नाहीत. हा तपशील मला नंतर घरच्यांकडून कळला. फोनवर शिवप्पा दोनच शब्द बोलले, आणि ते मराठीत बोलले.

"अण्णा गेलो."

मराठीतलं हे एकच क्रियापद त्यांच्या तोंडी बसलेलं होतं, आणि तेही अण्णांकडून ऐकलेलं. 'गेले' म्हणायला हवं होतं. मी दुरुस्ती केली नाही.

बातमीत मी 'निधन झाले' असं लिहिलं. अशा बातमीला शेवटी कुणाची तरी प्रतिक्रिया लागते, म्हणून घरच्यांनी अण्णांचं दुकान पुन्हा उघडल्यावर शिवप्पांना भेटायला गेलो. ते अण्णांच्या गल्ल्यासमोर स्टुलावर बसले होते आणि समोर बाय-टू आलेला होता. देवनागरी पेला त्यांनी स्वतःकडे ओढला, एका 'ल'चा माझ्यापुढे सरकवला. चहा संपेपर्यंत मी थांबलो आणि मग प्रतिक्रिया विचारली.

"घेतलीस की फोनवर," शिवप्पा म्हणाले.