वहीच्या कागदावरचा दाखला

"दाखला आणा, मग बोला."

ऑफिसच्या खिडकीतून मी एवढंच म्हणालो. बाहेर मायलेकी उभ्या होत्या. आई हिंदीत म्हणाली, "सर, स्कूल जल गया."

"तो ड्युप्लिकेट निकालो," म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी तेव्हा हेडक्लार्क होतो. शाळेत सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या जनरल रजिस्टरमध्ये एक खाडाखोड नाही, याचा मला भलता तोरा. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं जाडजूड पुस्तक. त्यात नाव चढवायचं तर आधीच्या शाळेचा दाखला लागतो. दाखला नाही तर नाव नाही. विषय संपला.

आमच्या शिपाई शेवंताबाई कपाटाची धूळ पुसत होत्या. फडकं हातात तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"अवो भाऊसाहेब, शालाच जळली, तर दुपलिकेट कोन देनार? पुडीत राख बांधून आनायची का त्यांनी?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. म्हटलं, "जा, बोलवा त्यांना."

"चूक तुमची नि पलायचं मी!" असं पुटपुटत बाई गेल्याच. रिक्षा स्टँडवरून दोघींना घेऊन आल्या आणि मला न विचारता चहाही सांगून आल्या.

मुलीचं नाव लिंथोई. वय सोळा. मणिपूरची. नववी पास झाली आणि तिकडे हिंसाचार पेटला. घर गेलं, शाळा गेली. वर्षभर छावणीत काढलं. वडील आजीला घेऊन अजून तिकडेच होते. आईला ओळखीनं कर्जत रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या लाँड्रीत काम मिळालं होतं. मॅनेजर म्हणत होता, पुढच्या एक तारखेपासून पोरीलाही हाउसकीपिंगला घेतो. आईची घालमेल चालली होती. पोरगी मात्र एकच वाक्य धरून बसलेली, "सर, मुझे टेन्थ करना है."

मी तिला मुख्याध्यापिका ठोंबरे मॅडमकडे नेलं. मॅडम मनानं चांगल्या, पण नियमाला घाबरणाऱ्या. त्यांनी शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, आठवीपर्यंत कागदाशिवाय थेट प्रवेश देता येतो, आठवीत बसवा.

"बसवू या ना भाऊसाहेब," मॅडम म्हणाल्या. "शाळेत तर येईल!"

लिंथोईला मराठी येत नव्हतं, पण 'आठवी' तेवढं कळलं.

"एट्थ मेरा हो गया है, मॅडम. नाइन्थ भी."

आई खाली बघत म्हणाली, आठवीतच बसवणार असाल तर ती कामाला जाईल. तीन वर्षं मला झेपणार नाहीत.

म्हणजे दहावी मिळाली तर शाळा, नाही तर दुसऱ्यांच्या चादरी बदलणं. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

आमच्या गणिताच्या सरांनी सेमी-इंग्लिशचा, इंग्रजीत छापलेला नववीचा जुना पेपर तिच्यापुढे ठेवला. पोरीनं तासाभरात सोडवला आणि सरांनाच एका गणितातली छपाईची चूक दाखवली. सर खूश! पण हुशारी रजिस्टरात चढत नाही. तिथं पुरावाच लागतो.

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. आता प्रत्येक विद्यार्थ्याला सरकारी पोर्टलवर एक कायमचा नंबर असतो. शाळा बदलली तरी तो बदलत नाही. आणि मुख्य म्हणजे तो जळत नाही. लिंथोईचं नाव, जन्मतारीख, शाळा टाकून शोधलं. दोनदा पोर्टल बंद पडलं. तिसऱ्यांदा ती सापडली! नाव तेच, नववी पास. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली.

पण पुढे अडकलं. जुन्या शाळेनं आपल्या लॉगिनमधून मुलीला सोडल्याशिवाय नव्या शाळेला घेता येत नाही. आणि जुनी शाळा होती कुठं?

"शाला जळली, पन हेडमास्तर तर हायत ना?" शेवंताबाई म्हणाल्या.

लिंथोईच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू होता. पोरं पांगली होती चहूकडे. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाकडून हेडमास्तरांचा फोन नंबर मिळाला. ते एका छावणीतच मुलांना शिकवत होते. मी फोन लावून माझ्या मोडक्या इंग्रजीत मुलीचं नाव सांगितलं.

ते लगेच म्हणाले, "रोल नंबर सात. अक्षर फार वाईट, गणित फार चांगलं."

मी मुलीकडे फोन दिला आणि उगाच कपाट उघडून उभा राहिलो.

त्यांनी त्याच दिवशी पोर्टलवर तिला सोडलं. वर म्हणाले, दाखलाही पाठवतो. मी विचारलं, कसा? ते म्हणाले, "पळताना मी टेबलावरचा शिक्का तेवढा खिशात टाकला होता."

स्पीड पोस्टानं दाखला आला. रेघांच्या वहीचा कागद, हातानं आखलेले रकाने, खाली सही आणि गोल शिक्का. मी तो घेऊन वरच्या ऑफिसला गेलो.

"हा काय कागद झाला?" साहेब म्हणाले.

"साहेब, कागद वहीचा असेल. शिक्का शाळेचा आहे. पोर्टलशी ताडून बघा."

त्यांनी ताडलं. अक्षर न् अक्षर जुळलं. साहेबांनी सही केली. एक तारखेला लिंथोई रिसॉर्टवर नाही, आमच्या दहावी ब मध्ये बसली होती.

मी रजिस्टरात माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात तिची नोंद केली आणि 'मागील शाळा' या रकान्यात त्या शाळेचं पूर्ण नाव लिहिलं. हेडमास्तरांना कळवलं, तर त्यांचा मेसेज आला, त्या पानाचा फोटो मिळेल का? आमची सगळी रजिस्टरं गेली.

एकतीस वर्षांत मी रजिस्टरचा फोटो कुणाला काढू दिला नव्हता. त्या दिवशी मी इतर मुलांच्या ओळी कोऱ्या कागदानं झाकल्या आणि स्वतः काढून पाठवला.

लिंथोई फर्स्ट क्लासनं पास झाली. मराठीत जेमतेम, गणितात वर्गात पहिली. ती अकरावीसाठी दाखला न्यायला आली, त्याच खिडकीशी. मी तो आधीच लिहून ठेवला होता. पोरीनं 'मागील शाळा'वर बोट ठेवून नाव मोठ्यानं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

एवढ्या नोकरीत शेकडो दाखले लिहिले. अभिमान वाटतो तो या एकाचा. आणि धडा शेवंताबाईंचा आहे, माझा नाही. दाखला मागायच्या आधी विचारावं, शाळा शिल्लक आहे का?